गिझर बदलण्याआधी गच्चीवर जाऊन या

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि. आम्ही कोथरूडला तीन मजली, बारा फ्लॅटच्या जुन्या सोसायटीत राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, अकरावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. ऑक्टोबरात २२५ युनिट आले होते, जानेवारीच्या बिलात थेट ३३०. घरात एसी नाही, खोली गरम करायचा हिटर नाही, म्हणजे हा सगळा गिझरचाच प्रताप. गिझर २५ लिटरचा, दहा-बारा वर्षं जुना. ह्यांचं म्हणणं, सारखा चालू-बंद केला की तो जास्त वीज खातो. म्हणून पहाटे पाचला लावलेला गिझर दहाला बंद होतो, कधी तर रात्रीच. शेजारच्या वहिनी म्हणतात गॅस गिझर घ्या, निम्म्यात भागतं. दुकानदार म्हणतो फाइव्ह स्टार घ्या. गच्चीवर सोसायटीचं सोलर आहे, पण सकाळी त्याचं पाणी थंडच येतं, त्यामुळे तो नळ वापरणंच सोडलंय. सासूबाईंना साडेपाचला कडकडीत पाणी लागतं आणि मुलगी शॉवरखालून लवकर बाहेर येत नाही. आम्ही नेमकं काय घ्यावं?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

ताई, सध्या काहीही घेऊ नका. दुकानदाराला थोडे दिवस थांबवा, वहिनींना हो-हो म्हणा आणि रविवारी सकाळी सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून घ्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: सोलर आहे, पण वापरत नाही. त्याकडे येतोच. आधी तुमची वीज नेमकी कुठे जाते ते बघू, नाहीतर जे घ्याल ते अंदाजपंचेच असेल.

हिशेब शाळेतलाच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. जानेवारीत पुण्याचा पहाटेचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो. टाकीतलं पाणी तेवढं गार होत नाही, ते वीस अंशांच्या आसपास धरू. अंगावर घ्यायला चाळीस-एक्केचाळीस अंशांचं पाणी पुरतं. म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीला चारशे-सव्वाचारशे किलोकॅलरी लागल्या. झालं साधारण अर्धं युनिट. हे अर्धं युनिट तुमच्या जुन्या गिझरलाही लागतं, दुकानातल्या नव्यालाही लागतं आणि बादलीत सोडायच्या रॉडलाही लागतं. विजेची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? पाणी तापवण्यात एक गिझर दुसऱ्यापेक्षा हुशार नसतो. फरक पडतो तो तापवलेलं पाणी साठवून ठेवण्यात.

आता मुलीचा शॉवर. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. आठच धरा. दहा मिनिटांत ८० लिटर, म्हणजे चार बादल्या, म्हणजे दोन युनिट. बाकीची चार माणसं बादलीने अंघोळ करत असतील तर त्या चौघांचं मिळून जेवढं होतं, तेवढं तिचं एकटीचं. हे वाचून तिला बोलू नका, अकरावीत सगळेच असे असतात. पण एक गंमत लक्षात घ्या. २५ लिटरच्या गिझरमधून एका वेळी असं सत्तर-ऐंशी लिटर मिसळलेलं पाणीच निघू शकतं, पुढे ते कोमट पडतं. मुलगी दहा मिनिटांनी बाहेर येते ती आपणहून नाही, गिझर तिला बाहेर काढतो. हे गॅस गिझरच्या वेळी पुन्हा आठवा.

जुन्या पुण्यात वाड्यावाड्यांतून बंब असायचा, आणि बंबाची शिस्त कडक होती: जेवढं गरम काढाल तेवढं गार वरून ओतायचं, नाहीतर पुढच्याच्या शिव्या खायच्या. कुणी किती पाणी घेतलं हे अख्ख्या घराला कळायचं. गिझरने ते मोजमाप घालवलं. माझं म्हणणं असं की, आठवडाभर तेवढं मोजमाप परत आणा. शॉवरखाली एकदा बादली ठेवा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघा. अडीच मिनिटांत किंवा त्याआधी भरत असेल तर शॉवरची जाळी बदलून मिनिटाला सहा लिटरच्या आसपासची घ्या. हवा मिसळणाऱ्या जाळ्या मिळतात, अंगावर पाणी कमी पडल्यासारखं वाटत नाही. मुलीला फक्त एवढंच सांगा की साबण लावताना नळ बंद. या दोन गोष्टींनी तिची दोन युनिटं एकावर येतील. महिन्याची तीस.

तीस युनिटांनी काय होतंय, असं वाटेल. इथेच बिलाची खोच आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. पहिल्या शंभराच्या मानाने दुसऱ्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट आहे, तिसऱ्याचा त्याहून वर. तुम्ही एकूण बिलाला ३३० ने भागून सरासरी काढत असाल तर ती विसरा. तुम्ही वाचवाल ती युनिटं खालून वाचत नाहीत, वरून वाचतात. पहिली तीस तिसऱ्या टप्प्यातली जातील, पुढची दुसऱ्यातली. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, असं धरलं की हिवाळ्यातलं हे वरचं युनिट बारा ते सोळा रुपयांच्या घरात पडतं. बिल समोर घेऊन तुमचा आकडा काढा. बारा रुपयेच धरले तरी मुलीच्या शॉवरचे रोजचे चोवीस रुपये होतात. तिला पॉकेटमनी किती देता मला माहीत नाही, पण तुलना करायला हरकत नाही.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येऊ. ‘चालू-बंद केल्याने जास्त वीज जाते’ हे निम्म्या पुण्याचं मत आहे आणि ते ठाम चूक आहे. गरम टाकीतून उष्णता सतत बाहेर झिरपते. आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात जितक्या अंशांचा फरक, तितकी ती जास्त झिरपते. गिझर चालू ठेवला की तो फरक कायम मोठा राहतो. बंद केला की पाणी हळूहळू निवतं, फरक कमी होतो, गळतीही कमी होते. परत लावल्यावर तो जेवढी गळती झाली तेवढीच भरून काढतो, दंड म्हणून वर काही घेत नाही. दुपारी बाराला जेवायचं म्हणून सकाळी सातपासून वरणाचा कुकर मंद आचेवर ठेवण्यातला हा प्रकार आहे.

ते असं ऐकणार नाहीत, म्हणून एक प्रयोग सांगतो, त्यांनाच करायला द्या. रात्री सगळ्यांचं आवरल्यावर गिझर लावायचा, लाल दिवा विझेपर्यंत तापू द्यायचा आणि भिंतीवरचं बटण बंद करायचं. रात्रभर गरम पाण्याच्या नळाला कुणी हात लावायचा नाही. सकाळी नळ न उघडताच बटण लावायचं आणि दिवा पुन्हा विझायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघायचं. गिझर २००० वॅटचा असेल तर दर तीन मिनिटांना एक दशांश युनिट. दहा मिनिटं लागली तर आठ तासांच्या रात्रीत एक तृतीयांश युनिट हवेत गेलं, म्हणजे दिवसभर चालू ठेवलेल्या गिझरमध्ये एक युनिट. पंधरा मिनिटं लागली तर दीड. ह्या एक-दीड युनिटात कुणाची अंघोळ झालेली नाही, बाथरूमची भिंत तेवढी गरम झाली. जुन्या गिझरमधला फोम बसलेला किंवा ओला झालेला असतो, त्यामुळे तुमच्याकडे आकडा बरा येईल असं मला वाटत नाही.

मग गिझर लावायचा किती वेळ? २५ लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला सव्वा युनिटाच्या आत वीज लागते, २००० वॅटवर पस्तीस मिनिटं. एवढ्यात पन्नास लिटर अंघोळीचं पाणी तयार होतं, म्हणजे अडीच बादल्या. सासूबाईंसाठी पाचला लावला की पाच पस्तीसला बंद. पुढच्या चौघांच्या अंघोळी एकापाठोपाठ घ्या, म्हणजे तापलेलं पाणी टाकीत पडून राहत नाही. एकाची सहाला, एकाची आठला, एकाची साडेनऊला असं चाललं की गिझर प्रत्येकासाठी नव्याने भरपाई करत बसतो. थर्मोस्टॅट बघून घ्या. बरेच गिझर कारखान्यातून ७० अंशांच्या आसपास लावून येतात. इलेक्ट्रिशियनकडून, मेन बंद करून, तो ५५-६० वर आणा. पण हेही लक्षात असू द्या की याने फक्त साठवणीतली गळती कमी होते, बादलीचं अर्धं युनिट अर्धंच राहतं. आणि ५० च्या खाली नेऊ नका. कोमट पाणी टाकीत पडून राहिलं की त्यात जंतू वाढतात.

आता फाइव्ह स्टारचं बघा. ते तारे टाकीतून होणाऱ्या गळतीसाठीच दिलेले असतात. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्यांचा फायदा, पस्तीस मिनिटांनी बंद करणाऱ्याला फारसा नाही. म्हणजे दुकानदार तुम्हाला ज्या दुखण्यावर औषध विकतोय ते दुखणं भिंतीवरच्या बटणाने फुकट बरं होतं. गिझर गळायला लागला, टाकी गंजली, तर जरूर फाइव्ह स्टारच घ्या, आणि पाच माणसांना १५ लिटरचाही चालेल. तो एका वेळी दीड बादली देतो आणि वीस मिनिटांत पुन्हा तयार होतो. तीन लिटरचा इन्स्टंट मात्र बाथरूमसाठी घेऊ नका. त्याची तीन हजार वॅटची कॉइल जानेवारीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर अंघोळीचं पाणी देते. बादली भरेपर्यंत मुलाची शाळेची बस निघून जाईल. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली तो ठीक.

क्षाराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इलेक्ट्रिशियन आला की तो हाच विषय काढेल. कॉइलवर थर बसल्याने बिल वाढतं, असं तो सांगेल. विजेच्या गिझरपुरतं ते फार खरं नाही. थर असला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते, कॉइल मात्र आतून जास्त तापून लवकर जळते. गिझर तापताना सुरसुर, कडकड आवाज करत असेल तर थर आहे असं समजा. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, त्याने सहसा हे होत नाही. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी टाकीत पडत असेल तर होतं. दोन वर्षांतून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या आणि अ‍ॅनोड रॉड संपलाय का ते विचारा. तो रॉड गंज स्वतःवर घेतो आणि टाकी वाचवतो. दोन-चारशे रुपयांच्या रॉडवाचून हजारोंचा गिझर जातो.

गॅस गिझरवर जरा थांबू, कारण वहिनींचं म्हणणं पैशाच्या बाजूने खरं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. गॅस गिझर तिच्यातली चार पंचमांश पाण्याला देतो, म्हणजे १४५ च्या आसपास. सिलिंडर नऊशे रुपयांना धरला तर युनिट सहा-सव्वासहा रुपयांना पडलं, तुमच्या वरच्या टप्प्यातल्या विजेच्या निम्म्याने. पाइप गॅस असेल तर एका घनमीटरमध्ये साडेनऊ-दहा युनिटांची उष्णता धरा आणि पाइप गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएलच्या बिलावरच्या दराने असाच भागाकार करा. पण वर मुलीच्या शॉवरचं सांगितलं ते इथे आठवा. गॅस गिझरचं पाणी संपतच नाही. दहा मिनिटांचा शॉवर वीस मिनिटांचा झाला की निम्म्या दराचा फायदा गटारात वाहून गेला.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन खातो, आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. चक्कर येते, हातपाय गळतात आणि कडी उघडायची ताकद राहत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, आणि त्या बहुतेक वेळा थंडी म्हणून खिडकी लावून घेतलेल्या छोट्या बाथरूमच्या असतात. तेव्हा घ्यायचाच असेल तर गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला, धूर बाहेर सोडणाऱ्या नळीसकट. तशी जागा नसेल तर विषय संपला. ‘एक्झॉस्ट फॅन लावू की’ हे उत्तर नाही. सिलिंडरसाठीचा गिझर पाइप गॅसला तसाच जोडायचा नसतो, त्याचं नोझल वेगळं असतं. जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायची. शिवाय गॅस गिझरला पाण्याचा दाब लागतो. गच्चीवरची टाकी आणि तुमचा नळ यांच्यात उंची कमी असेल तर तो पेटायलाच कुरकुर करतो.

आता किल्ली आणलीत ना? गच्चीवर चला.

तिथे काचेच्या काळ्या नळ्या आहेत की सपाट काळे पॅनेल, ते आधी बघा. नळ्या असतील तर ऊन असताना एकेका नळीला बाहेरून हात लावा. चांगली नळी आतून उकळत असली तरी बाहेरून गारच लागते, कारण काचेच्या दोन थरांमध्ये पोकळी असते. जी नळी हाताला गरम लागेल तिची पोकळी गेली. खात्री करायची तर खालची टोपी सरकवून टोक बघा: चंदेरी, आरशासारखं असेल तर नळी शाबूत, दुधाळ पांढरं झालं असेल तर ती बदलायची. नळ्या सुट्या मिळतात, अख्खं सोलर बदलावं लागत नाही. मग धूळ. कोथरूडमध्ये सध्या प्रत्येक गल्लीत एखादी इमारत पडतेय नाहीतर चढतेय, त्यामुळे नळ्यांवर सिमेंटचा थर असणारच. त्या सकाळी ऊन चढण्याआधी धुवायच्या. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडे जातात.

दक्षिणेकडे नजर टाका. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर बाराला सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशच वर येतो. शेजारी दक्षिणेला नवा टॉवर उभा राहिला असेल आणि तो तुमच्या गच्चीपेक्षा २५ मीटर उंच असेल, तर दुपारी बारालाही त्याची सावली बावीस-तेवीस मीटर पडते, सकाळ-संध्याकाळ आणखी लांब. मे महिन्यात उकळतं पाणी देणारं सोलर जानेवारीत रुसतं ते पुष्कळदा यामुळे. तसं असेल तर पॅनेल गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवता येतात का ते बघावं लागेल.

समजा सावली नाही, नळ्या धड आहेत. मग थर्मामीटर घ्या आणि सोलरच्या टाकीच्या तोंडाशी, संध्याकाळी पाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाणी मोजा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी पन्नासच्या वर भरायला हवं, आणि सकाळी त्यातले थोडेच अंश कमी झालेले असावेत. गच्चीवर सकाळी पाणी गरम आणि तुमच्या नळाला गार, असं निघालं तर दोष सोलरचा नाही, पाइपांचा आहे. माझा अंदाज हाच आहे, आणि त्याची दोन कारणं संभवतात.

पहिलं अगदी साधं. एक इंची पाइपच्या दर मीटरमध्ये अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरची आडवी लाइन धरून तुमच्या बाथरूमपर्यंत पंचवीस मीटर असतील, तर बारा लिटर पाणी रात्रभर पाइपात गार होऊन बसलेलं असतं. तुम्ही नळ सोडता, हात लावता, अर्ध्या बादलीपर्यंत वाट बघता आणि ‘थंडच आहे’ म्हणून बंद करता. गरम पाणी त्या वेळी तुमच्यापासून चार-पाच मीटरवर आलेलं असतं. सकाळी सगळ्यात आधी दुसऱ्या बादलीत ते बारा लिटर काढून बघा. मशीनला, फरशीला, कुंड्यांना, कुठेही जाईल. गच्चीवरच्या उघड्या लाइनवर इन्सुलेशनची नळी चढवली तर दिवसभरातली उष्णताही टिकते. जुनी असेल तर उन्हाने तिचा भुगा झालेला असतो.

दुसरं कारण जास्त खोडकर आहे आणि बारा फ्लॅटमध्ये ते कुठेतरी असतंच. कुणाच्या तरी बाथरूममध्ये मिक्सरचे गार-गरम दोन्ही नळ उघडे ठेवून पुढचा शॉवर किंवा जेट बंद केलेला असतो. गार लाइनचा दाब जास्त असतो, त्यामुळे गार पाणी मिक्सरमधून उलटं सोलरच्या लाइनमध्ये घुसतं आणि तिथून सगळ्यांच्या नळाला येतं. हे शोधायची युक्ती प्लंबरला सांगा: गच्चीवर सोलरच्या टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि खाली कुठल्याही घरात गरम पाण्याचा नळ उघडायचा. पाइपातलं पाणी संपल्यावर नळ कोरडा पडला तर लाइन शुद्ध आहे. धार चालूच राहिली तर गार पाणी कुठूनतरी शिरतंय. मग एकेका फ्लॅटचा गरम लाइनचा कॉक बंद करत जायचं. धार थांबली की घर सापडलं. त्या मिक्सरला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. खर्च फार नाही, भांडण मात्र होऊ शकतं, तेव्हा प्लंबरबरोबर सेक्रेटरींनाच पाठवा.

आणखी एक बघा. सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी बॅकअप कॉइल असते. ती वर्षानुवर्षं चालू राहिलेली नाही ना? असेल तर तिचं बिल सोसायटीच्या सार्वजनिक मीटरवर येतंय आणि तुम्ही मेंटेनन्समधून भरताय.

दुरुस्तीला कमिटी कांकू करेल. त्यांना मालमत्ता कराचं बिल दाखवा. सोलर, गांडूळ खत किंवा रेनवॉटर हार्वेस्टिंग यांपैकी एक प्रकल्प असेल तर पुणे महापालिका ५ टक्के सवलत देते, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. ती चालू असलेल्या प्रकल्पासाठी आहे, गच्चीवर धूळ खाणाऱ्या नळ्यांसाठी नाही. तुमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट ठरत आलं असेल तर मात्र मोठा खर्च करू नका. फुटक्या नळ्या, एक-दोन व्हॉल्व्ह आणि धुणं, एवढ्यावर दोन वर्षं काढता येतील. कुणी ‘सूर्यघर योजनेत सबसिडी मिळते’ म्हणून नवं सोलर गळ्यात मारायला आला तर लक्षात ठेवा, ते अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्याला नाही.

सोलर चालू झालं की वेळा थोड्या फिरवा. टाकी सर्वात गरम असते संध्याकाळी. मुलीच्या क्लासची आणि शॉवरची वेळ जुळत असेल तर तिने संध्याकाळी अंघोळ करावी, तेव्हा तिने पंधरा मिनिटं घेतली तरी मी काही म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा केस धुणं रविवारी दुपारी. वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला सवलत असते, त्यामुळे ढगाळ दिवशी गिझर लावायचाच झाला तर दुपारीच लावा. कपड्यांच्या मशीनमध्ये पाणी तापवायचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. पुण्याच्या धुळीला गार पाणी पुरतं.

राहिल्या सासूबाई. साडेपाचला अंघोळ करणाऱ्या माणसाला साडेसातचं सोलर दाखवून उपयोग नाही आणि त्यांच्या पाण्यात काटकसर सुचवायची माझी छाती नाही. वाफाळतं पाणी त्यांना रोज मिळेल अशी जोडणी करून घ्या. सोलरची गरम लाइन थेट नळाला न देता गिझरच्या इनलेटला द्यायची. रात्रीचं गार झालेलं गिझरमधलं पाणी सासूबाईंसाठी पाचला तापवलं. त्यांच्या एका बादलीला गिझरमधलं अकरा-बारा लिटर गरम पाणी लागतं, बाकीचं गार. ते बारा लिटर निघाले की त्यांच्या जागी गच्चीवरच्या पाइपात अडकलेले गार बारा लिटर गिझरमध्ये येऊन पडतात. म्हणजे सासूबाई बाहेर आल्या तेव्हा पाइप रिकामा झाला आणि मागून सोलरचं पाणी दारात आलं. पुढच्यांसाठी गिझर बंदच ठेवायचा किंवा पाच मिनिटं लावायचा, चाळीस अंशांचं पाणी आयतं आत येतंय. जोडणीआधी गिझरच्या कंपनीला विचारा की इनलेटला गरम पाणी चालतं का, सगळ्यांना चालत नाही. प्लंबरला इनलेटवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि शेजारून एक बायपास, दोन्ही टाकायला सांगा, म्हणजे उन्हाळ्यात सोलरचं पाणी सत्तर अंशांना गेलं की गिझर पूर्ण बाजूला ठेवता येईल. पाइप सीपीव्हीसीचाच हवा; साधा पांढरा पीव्हीसी त्या पाण्याला नरम पडतो आणि सांध्यातून सुटतो.